तुमचं वाचायचं राहिलेलं प्रकरण

हेमाताई,

गेल्या आठवड्यात मीनलनं मला तुमच्या खुर्चीत बसायला सांगितलं. घरात भेटायला आलेली माणसं होती, दुसरी जागा नव्हती, म्हणून सांगितलं असेल. मी दाराशी उभाच राहिलो. ती म्हणाली, "बसा हो, आईला चाललं असतं." तुम्हाला चाललं असतं हे मलाही माहीत आहे. मला जमलं नाही.

समोरच्या मंगल कार्यालयात लग्न लागत होतं. बँड सुरू झाला तसे तुमचे एक नातेवाईक खिडक्या लावायला उठले, तर मीनल म्हणाली, "राहू द्या काका, तिला सवय होती." रहाटणीतलं ते घर तुम्ही घेतलं तेव्हा समोर मोकळं रान होतं, असं तुम्ही सांगायचात. पुढे तिथं कार्यालय उभं राहिलं आणि तुम्ही कुरकुर करायची सोडून त्या बँडलाच कामाला लावलंत. लग्नसराईत मुद्दाम लोकांची बाडं काढून बसायचात. "ज्या पानावर मला बँड ऐकू येत नाही, ते पान चांगलं. बाकीची लेखकानं पुन्हा बघावीत." माझ्या पहिल्या खर्ड्यात तुम्हाला अख्खी वरात ऐकू आली होती. तसं तुम्ही मला तोंडावर सांगितलंही होतंत.

निघताना मीनलनं माझं बाड हातात ठेवलं. "आईच्या टेबलावर होतं. वर तुमचं नाव होतं म्हणून बाजूला ठेवलं." मी जिन्यातच ते उघडलं. तुमच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा पानापानावर होत्या. अपघाताच्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीपर्यंत होत्या. त्यापुढचं प्रकरण, ज्यावरून आपलं वाजलं होतं, ते तसंच कोरं होतं. टिंबसुद्धा नव्हतं. मी ती पानं जिन्यातल्या खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली, मग माझं मलाच कसंतरी झालं.

तुमच्यावर आता लोक लिहितील. पुण्यातल्या प्रकाशन संस्थेत तुम्ही किती वर्षं होतात, कुठली कुठली पुस्तकं तुमच्या हाताखालून गेली, हे सगळं त्यांना माहीत आहे. मला त्यातलं फारसं माहीत नाही. मला फक्त माझं बाड वाचणाऱ्या हेमाताई माहीत आहेत. आणि आपलं एक बोलणं अर्धवट राहिलंय. ते कुणाशी पुरं करू हे कळेना, म्हणून तुमच्याशीच करतोय.

मी तुमच्याकडे आलो तो एका दिवाळी अंकाच्या संपादकांमुळे. त्यांनी माझी कथा परत केली आणि फोनवर म्हणाले, "लिहिता बरं तुम्ही. पण कुणाला तरी दाखवत चला. ओळखीच्याला नको. ज्याचं कामच ते आहे, अशाला." आणि तुमचा पत्ता दिला. तोवर मी माझी कादंबरी फक्त आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या सचिनला दिली होती. त्यानं चार दिवसांनी परत आणून दिली. म्हणाला, "भावा, एक नंबर. रडलो मी." मी विचारलं, कुठं रडलास? "सगळीकडंच राव." मी घरी जाऊन पाहिलं, तर मी बांधलेली सुतळीची गाठ तशीच होती.

तुम्ही गाठ सोडायच्या आधी मला विचारलंत, "काय करतोस?"

"चाकणला कंपनीत आहे ताई. क्वालिटीला."

"म्हणजे नेमकं काय?"

"पार्ट तपासतो. ओके का रिजेक्ट ते ठरवतो."

"अरे, म्हणजे आपण एकाच धंद्यातले," तुम्ही म्हणालात. "फक्त मी रिजेक्ट करत नाही. ते काम प्रकाशकाचं."

मला वाटलं होतं, तुम्हाला आवडलं तर तुम्ही कुणाला तरी शब्द टाकाल. आमच्याकडे सगळं तसंच होतं, कॉलेजच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत. मी तसं आडून बोललोही. तुम्ही सरळ सांगितलंत, "मी शिफारस करत नाही. मी वाचते. वाचण्याचे पैसे घेते आणि आधी घेते. म्हणजे मला तुझं मन राखावं लागत नाही." त्या दिवशी ते कडू वाटलं. आज सांगतो, माझ्या आयुष्यात माझं मन न राखता माझ्यासाठी इतका वेळ काढणारं तुमच्याआधी कुणी भेटलं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. त्यामुळे मी जे काही लिहीन ते आमच्या माणसांना थोरच वाटतं. गावी, भूमच्या शाळेत, मास्तर वही तपासायचे ती अक्षर पाहून. आत काय लिहिलंय हे कुणी वाचतं, पुन्हा वाचतं, हे मी तुमच्या घरी पहिल्यांदा पाहिलं.

तुमची रीत निराळी होती. तुम्ही फोनवर अभिप्राय देत नसा. यायचं, समोर बसायचं. बाड तुमच्या मांडीवर बंद असायचं आणि तुम्ही डोळे मिटून आधी काय आठवतं ते सांगायचात. पहिल्यांदा मला ते देवऋष्यासारखं वाटलं. तुम्ही म्हणालात, "वर्कशॉपमधली माणसं सुट्टी झाल्यावर लाकडाचा भुसा आणि निरमा घेऊन हात चोळतात, ते आठवतं. खोलीत एकच आरसा आहे आणि तो सगळ्यात बुटक्या माणसाच्या उंचीवर लावलाय, ते आठवतं. बाकी..." आणि थांबलात. "बाकी मला आठवत नाही, बालाजी. इतकी पानं होती. गेली कुठं ती?"

मग तुम्ही बाड उघडलंत आणि जे बोललात ते मी अजून विसरलेलो नाही. "तुझा माणूस जेवत नाही."

मला कळलंच नाही.

"भोसरीत खोली घेऊन राहतो, वर्षानुवर्षं राहतो, शिफ्ट करतो, ओव्हरटाइम करतो. एकदाही जेवत नाही. पाणी पितो दोनदा. मी शोधलं."

मी पानं उलटली. खरंच. ज्या माणसाच्या आयुष्यात खानावळ आणि डबा याशिवाय सुखाचं काही नाही, त्याला मी सबंध पुस्तकभर उपाशी ठेवलं होतं. ते मला दिसलं नव्हतं. सचिनला दिसायचा प्रश्नच नव्हता.

"आणि तुझ्या पुस्तकात एकही बाई बसत नाही," तुम्ही म्हणालात. "आई उभी आहे, भाकरी करताना सोडून. वहिनी दारात उभी. खानावळवाली उभी. नर्स उभी. बसव असं मी म्हणत नाही. तुला हे माहीत आहे का, एवढंच विचारते."

मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी दिघीला घरी आलो तर माझी बायको रेखा ओट्याशी उभी राहून चहा पीत होती. मी म्हटलं, बस की. ती म्हणाली, "का? काय झालं?" काही नाही, बस म्हटलं. तिनं कप खाली ठेवला आणि घाबरून विचारलं, "नोकरीचं काही झालं का?"

ताई, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हे लिही."

मी ते लिहिलं नाही. मी दुसरंच करून ठेवलं. आमच्या कंपनीत गिऱ्हाइकाची तक्रार आली की तिला उत्तर द्यायची एक पद्धत आहे. दोष काय, मूळ कारण काय, उपाय काय, आणि शेवटच्या रकान्यात स्थिती. सगळ्या मुद्द्यांपुढे 'बंद' लिहिलं गेलं की साहेब खूश. मी तुमच्या एकूण एक शंकांचा तसा तक्ता केला. रविवारचा दिवस घालवला त्यात. रंगीत प्रिंट काढली आणि रहाटणीला घेऊन आलो. माझी छाती फुगलेली होती. गिऱ्हाइकाला इतकं चोख उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

तुम्ही चष्मा लावून वाचायला लागलात. "दोष, स्त्रिया बसत नाहीत. उपाय, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या प्रकरणात बसवल्या. स्थिती, बंद." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बंद म्हणजे?"

"म्हणजे पॉइंट संपला ताई."

"कुणी संपवला?"

"मी."

"आणि मूळ कारण काय सापडलं? का बसत नव्हत्या?"

मी तिथं 'लेखकाचे दुर्लक्ष' असं लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही इतक्या हसलात की मीनल आतून पाणी घेऊन आली. तिला वाटलं ठसका लागला. तुम्ही तो तक्ता तिला दाखवलात, तीही हसली. तिच्या आयटी कंपनीत असंच चालतं म्हणाली. मलाही हसू आलं, पण मला कळलं नव्हतं की आपण नक्की कशाला हसतोय.

ते कळलं पुढच्या खेपेला. तुम्ही नवा खर्डा वाचून ठेवला होता. बाड मांडीवर, डोळे मिटलेले. काय आठवतं ते तुम्ही सांगितलंच नाहीत. मग डोळे उघडून म्हणालात, "आता यात चूक काही नाही. आणि मला पुढं वाचावंसं वाटलं नाही." पुढं म्हणालात, "बायकांना बसवलंस. मला खुर्च्या दिसल्या, बालाजी."

मी रागावलो होतो. तुम्हाला ते दिसलं असणार, मी चहा अर्धा ठेवून उठलो. नाशिक फाट्यावर सिग्नलला थांबलो आणि मनात तुमच्याशी भांडत राहिलो. आमच्या धंद्यात दोष नाही म्हणजे माल पास. चूक काढता येत नाही आणि तरी चालत नाही, असा पार्ट मी जन्मात पाहिला नव्हता. बाईंना हवंय तरी काय, असं मी रेखाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? मला बसायला सांगून तुम्ही लिहीत बसता."

तक्ता मी फाडला नाही, पण परत उघडलाही नाही. त्याऐवजी सुट्टीच्या दिवशी भोसरीला जायला लागलो. तिथं एका माणसाकडे जेवायचो, त्याच्याशी बोलायचो, परत यायचो. काही महिने मी काहीच लिहिलं नाही. मग एक पान लिहिलं. माणूस रात्रपाळीच्या सुट्टीत डबा उघडतो, भाजी तीच असते, तरी झाकण काढताना तो दर वेळी आधी वास घेतो. तेवढंच. ते घेऊन आलो तेव्हा कार्यालयात वरातच होती, जनरेटर धडधडत होता. तुम्ही माझ्यासमोर ते पान वाचलंत, "हं" म्हणालात आणि पुढचं पान उलटलंत. पुढं पान नव्हतंच. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत, "एवढंच आणलंस?"

ताई, मला शाळेत बक्षिसं मिळाली आहेत. पदवीच्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. त्या तुमच्या पान उलटण्याशी त्यातल्या कशाची बरोबरी होत नाही.

त्यानंतर मी तुम्हाला थोडा भ्यायला लागलो. तुम्ही रागवायचात म्हणून नव्हे. तुम्हाला जे दिसायचं ते कसं दिसतं हे मला समजेना. मी ऑफिसात भिंगाखाली पार्ट धरतो, तिथं काय पाहायचं ते ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असतं. तुमच्याकडे ड्रॉइंग कुठं होतं? अपघाताचं प्रकरण तुम्ही वाचलंत तो दिवस घ्या. कादंबरीतल्या माणसाची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये जातात. ते मी पाच-सहा वेळा लिहून काढलं होतं, माझ्या मते सगळ्यात चांगलं तेच उतरलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू तिथं नव्हतास."

मी खरंच नव्हतो. मी तेव्हा भूमला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसलो होतो. हे तुम्हाला कुणी सांगायचा संबंध नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं, ताई?"

"तू यंत्राचा आवाज लिहिलायस. मोठा आवाज, मग शांतता. ऐकलेल्या माणसानं तसं लिहावं. ज्याच्यावर बेततं त्याला भलतंच काहीतरी आठवतं." मग तुम्ही पेन्सिल खाली ठेवून विचारलंत, "तो तुझा कोण?"

"कुणी नाही ताई. कल्पित आहे."

"बरं," तुम्ही म्हणालात.

तो माझा अण्णा आहे, ताई. माझा थोरला भाऊ. भोसरीला जेवायला जायचो ते त्याच्याकडेच. तुम्हाला तेव्हाच समजलं असणार. मी सांगितलं नाही, कारण पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, घडलं म्हणून लिहिलं हे कारण मला देऊ नकोस, घडतं तर रोजच. मला वाटलं, अण्णाचं नाव घेतलं तर तुम्ही बाड मिटून ठेवाल.

पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी इतक्या वर्षांनी अण्णाला विचारलं, की त्या वेळी तुला काय आठवतं. आधी कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात तो विषय निघाला की आई उठून आत जायची. अण्णा म्हणाला, "काय आठवायचंय? समोरच्या पोराच्या चपलेचा अंगठा तुटलेला व्हता. सुतळीनं बांधला व्हता त्यानं. तेवढंच बगत व्हतो मी."

मी तसं लिहिलं. दुसरं काही बदललं नाही. तुम्ही ते वाचलंत आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिलात. परत येऊन म्हणालात, "इथं पुस्तक संपलं."

"ताई, अजून एक प्रकरण आहे."

"माहीत आहे. वाचलंय मी. ते काढ."

शेवटच्या प्रकरणात पट्टी सुटल्यावर तो माणूस पुन्हा कामावर जातो. दिवसभर काम करतो, डबा खातो, खोलीवर येतो. तुमचं म्हणणं होतं की त्यात काही होत नाही. अपघातावर पुस्तक थांबलं तर वाचणारा हादरतो, पुढं नेलं की तो शांत होऊन पुस्तक मिटतो. मला सगळं पटत होतं. तुमचं मला नेहमीच पटायचं. बाई सांगतील ते खरं, असंच आम्ही शिकलो. तरी माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही ताई. ते राहील."

मीच दचकलो. तुम्ही मात्र खुर्चीत पुढं सरकून बसलात.

"अरे वा. भांडतोस की."

"भांडत नाही ताई."

"भांड ना. माझं सगळं ऐकतोस याचीच मला काळजी होती. सांग, का राहील?"

मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, बरं वाटत नाही त्याला तिथं सोडून द्यायला. तुम्ही म्हणालात, हे तुझं कारण झालं, पुस्तकाचं नाही. मी म्हटलं, वाचकांना आशा मिळेल. तुम्ही नुसता हात हलवलात. मग तुम्ही म्हणालात, "मी ते प्रकरण पुन्हा एकदा वाचते. तू कारण शोध. सापडलं तर ठेव, मग मी कितीही नाही म्हटलं तरी ठेव. नाही सापडलं तर उचलून टाक. पण न ठरवता पाठवू नकोस." मी काही पानं पाठवली होती त्या प्रकाशकांनी पूर्ण बाड मागवलं होतं, मला घाई होती. तुम्हाला नव्हती. दाराशी तुम्ही म्हणालात, "पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यात मी आलो, ताई. पण तेव्हा घरात माणसं होती.

तुमच्याकडून निघून त्या दिवशी मी थेट घरी गेलो नाही. भोसरीला अण्णाकडे गेलो. तो आता त्याच वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. वहिनीनं चहा टाकला. अण्णानं विचारलं, "गेल्या का त्या बाई?"

"हो."

"चांगल्या व्हत्या म्हणायचास." त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. "मग आता तुझं पुस्तक पास कोण करणार?"

"कुणी नाही. मलाच करायचंय."

"अवघड हाय मग," अण्णा म्हणाला. वहिनी हसली. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं, तेव्हा अण्णानं टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. आमच्याकडे समजूत अशीच घालतात.

मग मी त्याला शेवटाची अडचण सांगितली. पुस्तकात तोच आहे हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलेलं नाही. मी म्हटलं, एक माणूस आहे, त्याची बोटं जातात. बाई म्हणत होत्या तिथंच थांब. मी पुढं लिहिलंय की तो परत कामाला जातो.

"कोणती मशीन देतेत त्याला?"

"तीच."

"तीच देत नसतेत," अण्णा म्हणाला. "दुसरीकडं टाकतेत. पॅकिंगला न्हाईतर झाडायला. सुपरवायझर काय येडा हाय का तीच द्यायला."

"पण तू तर त्याच मशीनवर होतास नंतर."

"मी मागून घेतली." अण्णानं बशीत चहा ओतला. "पॅकिंगला टाकलं व्हतं मला. मी म्हणलं, न्हाई, माझी मशीन द्या."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत नाही. मी विचारलं, "का?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "माझी व्हती ती," तो म्हणाला. मग वहिनीकडे वळून, "साखर कमी घातलीस का गं?"

"डाक्टरनं सांगितलंय," वहिनी म्हणाली. "मशीन मागून घेतली, तशी साखर मागून मिळणार न्हाई."

ताई, तुमचं बरोबर होतं. मी जे प्रकरण लिहिलं होतं, त्यात काही होत नव्हतं. ते काढूनच टाकायला हवं होतं. माणूस कामावर जातो, त्याला मशीन देतात, तो काम करतो. मी घरी येऊन सबंध बाड पहिल्या पानापासून वाचलं. वाचून झाल्यावर बंद केलं, मांडीवर ठेवलं, डोळे मिटले. आणि माझ्या पुस्तकात काय नाही ते पहिल्यांदा माझं मला दिसलं. या माणसानं सबंध पुस्तकात स्वतःहून काही केलेलं नाही. शाळा सुटते, कारण बाप आजारी पडतो. गाव सुटतं, कारण मामा घेऊन येतो. खोली मिळते, लग्न होतं, बोटं जातात. सगळं त्याला होत जातं. तो जेवत नाही हे तुम्हाला दिसलं होतं, बायका बसत नाहीत हे दिसलं होतं. हेही तुम्हाला दिसलं असतं. कदाचित दिसलं होतं आणि मला शोधायला ठेवलं होतं. ते आता कळायला मार्ग नाही.

अपघातावर पुस्तक थांबवलं तर तो शेवटपर्यंत तसाच राहतो, ज्याच्यावर सगळं बेततं असा. वाचणारा हळहळेल आणि त्याला विसरेल. पण तो पॅकिंगमधून उठून सुपरवायझरसमोर जातो आणि माझी मशीन द्या म्हणतो, ते त्याला कुणी करायला लावलेलं नाही. शहाणपणाचं असेल, नसेल. त्याचं आहे. त्या एका मागण्यासाठी ते प्रकरण हवंय. ताई, हे कारण घडलं म्हणून नाही. हे पुस्तकाचं कारण आहे.

मी ते प्रकरण नव्यानं लिहिलं. आधीच्यापेक्षा निम्मं झालं. आशा वगैरे काढून टाकली. अण्णाचा 'येडा' हा शब्द सुपरवायझरच्या तोंडी घातला. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा मी बाकी सगळीकडे मानल्या, एक सोडून. सातव्या प्रकरणात खानावळवाली पोळ्या लाटता लाटता गाणं म्हणते, तिथं तुम्ही प्रश्नचिन्ह केलं होतंत. ते मी तसंच राहू दिलंय. तिचंही कारण आहे माझ्याकडे, पण ते सांगत बसलो तर हे लांबेल.

रेखाला शेवटचं प्रकरण वाचायला दिलं. तिनं खाली बसून वाचलं. मी विचारलं तर म्हणाली, "थांबा हो, पुन्हा वाचू द्या." तेवढ्यावर मी पाकीट चिकटवलं.

तुमचे मी एकदाही आभार मानले नाहीत. पैसे दिले की हिशेब मिटला, असं तुम्हीच म्हणायचात, आणि आभाराचं काही बोलायला लागलं की तुम्ही मीनलला चहा टाकायला सांगायचात. आता अडवायला तुम्ही नाही, तर सांगून टाकतो. माझ्या घरात मला शिकवायला माणसं राबली. नंतर कंपनीनं काम शिकवलं. पण मी जे लिहितो ते कुणी मन लावून वाचावं इतक्या मोलाचं आहे, हे मला तुमच्यामुळे कळलं. तुम्ही कौतुक केलं असतंत तर ते कळलं नसतं. तुम्ही माझ्या उपाशी माणसासाठी पानं शोधलीत, म्हणून कळलं.

काल पाकीट पाठवलं. शेवटचं प्रकरण त्यात आहे. माझ्याशिवाय आणि रेखाशिवाय ते कुणी वाचलेलं नाही, त्यात चुका असतील, चांगलं आहे की नाही तेही मला सांगता येणार नाही. ते का आहे, तेवढं सांगता येतं. प्रकाशक काय म्हणतात ते महिन्या-दोन महिन्यांत कळेल. त्यांनीही शेवट काढा म्हटलं, तर मी भांडणार आहे, ताई. नीट बसून, कारण देऊन.

तुमचा,
बालाजी